हवाई ५०० किमी, रस्त्याने ६४० : प्रवासाला वेळ किती धरायचा?

दोन शहरांमधलं अंतर एकीकडे हवाई ५०० किमी आणि दुसरीकडे रस्त्याने ६४० किमी मिळालं, तर खरं कोणतं आणि प्रवासाला वेळ किती धरायचा, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. ५०० किमी हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं, एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं सर्वांत कमी अंतर. रस्ता वळणं घेत जातो, त्यामुळे तो साधारण १.२ ते १.४ पट भरतो. तुमचा १.२८ पट आहे, म्हणजे नेहमीसारखाच. मध्ये पाणी आलं की मात्र हा ठोकताळा पार मोडतो. ब्युनोस आयर्स (अर्जेंटिना) ते माँटेव्हिडिओ (उरुग्वे) हवाई अंतर जेमतेम २०५ किमी आहे, पण मधलं नदीचं रुंद मुख टाळून, त्याच्या बरंच वरच्या बाजूला असलेल्या पुलावरून गाडीने जायचं तर साडेपाचशेच्या वर जातं. तेव्हा नुसता गुणाकार करून रस्त्याचं अंतर धरू नका, मार्ग उघडून बघा.

खरा घोळ वेळेत होतो. '५०० भागिले ८५०, म्हणजे ३५ मिनिटं' हा हिशेब विमान पूर्ण वेगात, म्हणजे ताशी ८५० किमीने उडत असतानाचा आहे. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं यांचा अर्धा तास त्यात घाला. शिवाय घर ते विमानतळ १ तास, उड्डाणाआधी दीड तास, उतरून सामान हाती येईपर्यंत अर्धा तास आणि तिथून शहरात पोचायला पाऊण तास. एकूण ४ तास ५० मिनिटं झाली, आणि त्यातले सव्वाचार तास अंतर कितीही असलं तरी लागणारच.

रस्त्याचा हिशेब तुकड्यातुकड्यांनी करा. समजा, ५४० किमी मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० चा वेग मिळाला, तर ६ तास. उरलेले १०० किमी घाट आणि शहरांतल्या गर्दीचे, ताशी २५ ने, म्हणजे ४ तास! अंतराचा सहावा हिस्सासुद्धा नाही, पण वेळ ४० टक्के खातो. दोन वेगांची सरासरी काढून भागाकार केलात तर उत्तर हमखास चुकतं. एकूण अंतराला एकूण वेळेनेच भागा. इथे ते ताशी ६४ येतं. दर दोन तासांनी १५ मिनिटांची विश्रांती वेगळी धरा, ती कापून वेळ वाचवायला जाऊ नका.

याच आकड्यांवर, विश्रांती न धरता, विमान आणि गाडीच्या वेळेची बरोबरी हवाई सव्वादोनशे, म्हणजे रस्त्याने २९० किमीच्या आसपास होते. त्याच्या आत गाडी बरी. तुमच्या अंतराला विमान निम्म्याहून कमी वेळात पोचवतं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात, म्हणून वेगळ्या कालक्षेत्रांत त्यांची थेट वजाबाकी करू नका. आणि थेट विमान नसेल, मध्ये थांबून पुन्हा उडण्यात एकूण दोन तास वाढणार असतील, तर बरोबरीची रेषा हवाई ३३० किमीपर्यंत सरकते. मधलं शहर वाटेबाहेरचं असेल तर त्याच्याही पुढे.