दूरशिक्षणात शिकून होतं, पण टिकायचं कसं?

नोकरी सांभाळून भाऊ इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) बी.ए. करणार आहे, घरी बसून खरंच काही शिकून होतं का, हा तुमचा प्रश्न. शिकून होतं. 2004 साली 232 संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वर्गात शिकणारे आणि दूरशिक्षणाने शिकणारे यांच्या गुणांत सरासरी फरक जवळजवळ शून्य निघाला. गंमत पुढे आहे. सगळ्यांना एकाच वेळी जोडून घेणाऱ्या तासांपेक्षा आपापल्या वेळेने शिकणाऱ्यांचे गुण किंचित सरस होते, पण मध्येच सोडून देणारेही त्यांच्यातच जास्त. म्हणून भावाला आकलन होईल का, यापेक्षा तो सहाव्या महिन्यात अभ्यासाला बसलेला असेल का, ते बघा.

आधी तासांचा हिशेब करा. इग्नूत 1 श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे 30 तासांचा अभ्यास. सत्राला 20 श्रेयांक धरले तर 600 तास झाले. ते 26 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 23 येतात. नोकरी करणारा माणूस रोज दीड तास आणि रविवारी पाच असं बसला, तरी 14 च्या पुढे सरकत नाही. ही तूट पहिल्या महिन्यात कुणाला जाणवत नाही. परीक्षेच्या तोंडावर सगळी एकदम अंगावर येते आणि माणूस पूर्ण सत्रच सोडून देतो. त्यापेक्षा झेपतील तेवढ्याच विषयांचे परीक्षा अर्ज भरावेत. 3 वर्षांच्या पदवीला तिथे कमाल 6 वर्षं मिळतात, ती वापरायला लाज कसली! फक्त पुढच्या वर्षाची फेरनोंदणी मुदतीत करायची. मागचे विषय राहिले असले तरी ती करता येते, आणि चुकली तर वेळ हकनाक जातो.

दुसरी चूक स्वाध्यायांची, म्हणजे असाइनमेंटची. बाजारात तयार उत्तरं मिळतात, लोक रात्रभर बसून ती उतरवतात. स्वाध्यायाला 30 टक्के भार, लेखी परीक्षेला 70. समजा स्वाध्यायात 80 पडले, लेखीत 30. एकूण 24 अधिक 21, म्हणजे 45. पास वाटतं ना? नाही. दोन्हीकडे वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं आणि बी.ए.ला ती रेषा 35 ची आहे. स्वाध्याय स्वतः लिहिला तर त्यातच लेखीची निम्मी तयारी होते. प्रश्न चालू सत्राचेच आहेत ना, हे पहिल्या पानावर तपासा. जुन्या सत्राचे लिहून नेले तर मेहनत वाया. उत्तीर्ण झालेल्या स्वाध्यायाचे गुण मात्र पुढच्या परीक्षेसाठी टिकून राहतात.

आता वाचायचं कसं. पुस्तकातल्या प्रत्येक घटकात अधूनमधून चौकटीत छोटे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं घटकाच्या शेवटी. बहुतेक जण ती चौकट ओलांडून पुढे जातात. खरं काम तिथेच आहे. पुस्तक मिटायचं, उत्तर कोऱ्या कागदावर लिहायचं, मग शेवटचं पान उघडून जे सुटलं तेवढंच लाल पेनाने भरायचं. तीन दिवसांनी फक्त लाल भाग पुन्हा, न बघता. 2006 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा स्वतःची परीक्षा घेणारे. वाचलेलं ओळखीचं वाटतं, त्यालाच आपण आलं असं समजतो.

व्हिडिओचंही तेच. दीडपट वेगाने पाहणं हा अभ्यास नाही. दहा मिनिटांनी थांबवून तीन ओळी लिहिल्या तर आहे.

शेवटच्या सहा आठवड्यांत हात चालवायला हवा. 100 गुण, 3 तास, म्हणजे 20 गुणांच्या प्रश्नाला 36 मिनिटं आणि साधारण 500 शब्द. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्याचा हात दुसऱ्या तासातच दुखू लागतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका डाउनलोड करून घ्या आणि घड्याळ लावून विषयामागे निदान दोन तरी पूर्ण सोडवायला लावा. पुस्तकं पोस्टाने उशिरा आली तर ती ईज्ञानकोश या इग्नूच्या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट आहेत, वाट बघत बसू नका.

अभ्यासकेंद्रावरचे तास बहुधा ऐच्छिक असतात, तरी पहिले दोन चुकवू नयेत. तिथे शिकवलं कमी जातं, पण त्याच विषयाची दोन-तीन माणसं भेटतात. त्यांच्याशी दर रविवारी रात्री ‘या आठवड्यात किती घटक’ एवढाच एक संदेश ठरवून घ्या. कुणीतरी विचारणार आहे म्हटलं की माणूस बसतो.