शेपटीची काठी करणारं मांजर

प्रश्न : माझ्या शाळकरी नातीला चित्रकलेचा नाद आहे. मोबाइलवर ‘फेलिक्स द कॅट’चे जुने मूकपट बघून ती विचारते, हे मांजर अख्खं काळं का? शेपटी काढून हातात कशी घेतं? आणि सुरुवातीला पॅट सुलिव्हन असं नाव येतं, म्हणजे ते त्यांनीच काढलं का?
– एक आजोबा, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आजोबा, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथं एका चित्रकारावर अन्याय झालाय. न्यूयॉर्कमधला स्टुडिओ सुलिव्हन यांचा, म्हणून नाव त्यांचं. पण १९१९च्या ‘फेलाइन फॉलीज’पासून या मांजरात जीव ओतला तो त्यांच्या पदरी नोकरी करणाऱ्या ऑटो मेस्मर यांनी, असं बहुतेक जाणकार मानतात. सुलिव्हन यांची बाजू घेणारेही आहेत. मला मेस्मर यांचंच पारडं जड वाटतं.

काळा रंग कामाच्या सोयीचा. एकेका कार्टूनला ढीगभर चित्रं लागायची. अंग भरीव काळं केलं की आतल्या रेषा जुळवत बसायला नको, शिवाय हालचाल ठसठशीत दिसते. माझी हयात चादरीच्या नक्ष्या ग्राफवर भरण्यात गेली. मोराचं पीस न् पीस मांडलं तर विणल्यावर लांबून नुसता डाग दिसतो. भरीव आकार काढला, की मोर ओळखू येतो. पुढे बिल नोलन या कार्टून-चित्रकारानं फेलिक्सचं कोनाकोनाचं अंग गोलसर केलं.

आता शेपटी. मेस्मर यांनी आधी चार्ली चॅप्लिनवर कार्टून केली होती, त्याच्या लकबी घोटल्या होत्या. १९२३च्या ‘फेलिक्स इन हॉलिवूड’मध्ये फेलिक्स शेपटीची काठी करून चॅप्लिनची नक्कल करतो, आणि खुद्द चॅप्लिन येऊन चोरीचा आळ घेतो! डोक्यावर उमटलेलं प्रश्नचिन्हसुद्धा हे मांजर हत्यारासारखं वापरतं. बोलता येत नाही, म्हणून कागदावरची प्रत्येक रेघ त्याच्या कामी येते. ही कल्पकता मला आजच्या बडबड्या कार्टूनांत क्वचितच सापडते. १९२८मध्ये डिस्नेचा मिकी माउस आवाजासकट आला, सुलिव्हन बोलपटाकडे वळायला कचरले आणि फेलिक्स मागे पडला.

नातीला एक अभ्यास द्या. पेचात सापडला की फेलिक्स हात मागे बांधून, मान खाली घालून येरझारा घालतो. तिथं चित्र थांबवत थांबवत एकेक पाऊल वहीत उतरवायला सांगा. रबर देऊ नका.