पिस्तूल म्हातारं कुठून होतं?

प्रश्न : माझी नात बावीस वर्षांची आहे. तीन वर्षं बालेवाडीला २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलचा सराव करते, आजवर क्लबच्या पिस्तुलावर. आता लायसन्स झालंय, स्वतःचं घ्यायचं आहे. एक वापरलेलं इटालियन .२२ (म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं) मिळतंय, सहा वर्षांचं. मालक म्हणतो 'फारसं चाललेलं नाही'. मुलगा म्हणतो नवंच घेऊ. शेजारी पोलीस खात्यातून निवृत्त झालेत, त्यांचं मत असं की टिकायचं तर ग्लॉक, नाहीतर जुनं पोलादी. ही मॅचची पिस्तुलं नाजूक असतात. आयुष्यभर पुरेल असं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल असतं का, आणि त्यांत कोणतं जास्त टिकतं?
– एक आजोबा, कर्वेनगर

उत्तर : आजोबा, आधी एक हिशेब करू. तुमची नात दिवसाला दीडशे राउंड, म्हणजे काडतुसं, मारत असेल, आठवड्यातून चार दिवस, आणि परीक्षा-आजारपणाचे चार आठवडे सोडले, तर वर्षाला २८,८०० राउंड होतात. पाच वर्षांत १,४४,०००. मी तीस वर्षं लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. आमच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, अशी ९ मिमी पिस्तुलं होती, की ज्यांनी वीस वर्षांत त्याचा विसावा हिस्साही पाहिला नसेल. तरी ती नव्यासारखी दिसत आणि लोक म्हणत, 'बघा, काय टिकलंय!' ती टिकली नव्हती, नुसती ठेवलेली होती. म्हणून पिस्तुलाचं वय वर्षांत सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो : राउंड किती?

आता शेजाऱ्यांच्या मताकडे येतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धं आहे.

जुन्या पोलादी पिस्तुलाचा दबदबा आला तो अमेरिकेतल्या १९११ च्या चाचणीतून. जॉन ब्राउनिंग या रचनाकाराने रचलेल्या कोल्ट कंपनीच्या पिस्तुलाने मार्चमध्ये दोन दिवसांत ६,००० राउंड मारले आणि एकदाही अडलं नाही. स्पर्धेतलं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडलं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला कोल्ट सैन्याने स्वीकारलं. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच चाचणीत दर शंभर राउंडांनंतर पिस्तुलाला गार होऊ दिलं जात होतं आणि दर हजाराला साफ करून तेल दिलं जात होतं, हे कुणी सांगत नाही. माझ्या दृष्टीने गोष्टीचा तोच भाग मोलाचा आहे. शिवाय .४५ च्या काडतुसाचा दाब २१,००० पौंड प्रति चौरस इंचाच्या आसपास असतो, ९ मिमीचा ३५,००० पर्यंत जातो. तेव्हा कोल्टच्या नळीला आणि कुलपाला (गोळी सुटेपर्यंत नळी आणि वरचा सरकता भाग एकत्र जखडणाऱ्या भागाला) जगणं मुळातच थोडं सोपं होतं. त्याचं म्हातारपण दुसरीकडून येतं. रिकामी पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर हा एकच लांब पोलादी तुकडा आणि तोच स्वतःची स्प्रिंग, त्याचा ताण हळूहळू उतरतो. नळीला खाली ओढणारी छोटी कडी झिजते. सांगाडा मात्र नातवंडांपर्यंत जातो.

ग्लॉकची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये ते घेतलं, तेव्हाच्या अटींत पहिल्या १०,००० राउंडांत वीसपेक्षा जास्त अडथळे चालणार नव्हते आणि १५,००० नंतर एकेक भाग तपासायचा होता. लोक त्याला प्लॅस्टिकचं म्हणतात, पण स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ज्यावर धावते ते रुळाचे तुकडे पोलादी आहेत, पॉलिमरमध्ये ओतून बसवलेले. पॉलिमर धक्का बसला की किंचित लवतं, म्हणून सहसा तडा जात नाही. स्लाइड-नळीच्या पृष्ठभागावर नायट्रोजनची जी प्रक्रिया केलेली असते, तिच्यामुळे घाम आणि पावसाळा त्याला फारसा लागत नाही. हे सगळं खरं. पण त्याचीही ट्रिगरची बारीक स्प्रिंग तुटते, स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग दमते. फरक एवढाच, की ती बदलायला पाच मिनिटं लागतात आणि सुटा भाग त्याच मॉडेलच्या आणि त्याच पिढीच्या कुठल्याही ग्लॉकला बसतो. ग्लॉक टिकतं याचा निम्मा अर्थ ते पटकन दुरुस्त होतं असा आहे, आणि या निम्म्याकडे आपल्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

बेरेटा ९२ चं उदाहरण मी प्रत्येक शिकाऊ पोराला द्यायचो. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने ते निवडलं. १९८७-८८ मध्ये नौदलाच्या खास पथकांत, जिथे गोळीबार अफाट चालायचा, काही पिस्तुलांच्या स्लाइडचे दोन तुकडे झाले आणि मागचा तुकडा चालवणाऱ्याच्या तोंडावर आला. दोष पोलादाचा की काडतुसांच्या जास्त दाबाचा, यावर दोन्ही बाजूंनी जोरदार वाद झाला. कंपनीने हॅमरच्या पिनेचं डोकं मोठं केलं, म्हणजे स्लाइड तुटलीच तरी मागे निसटू नये; तेच पुढे ९२एफएस. मला यात आवडतं ते हे, की त्यांनी स्लाइड कधीच तुटणार नाही असं गृहीत धरलं नाही. तुटली तर माणूस वाचला पाहिजे, असं गृहीत धरलं. याच पिस्तुलातला नळीखालचा लॉकिंग ब्लॉक, म्हणजे कुलपाचा ठोकळा, हाही झिजून तुटणारा भाग. ज्या तुकड्या तो ठरल्या वेळी बदलतात, त्यांच्या नळ्या पुढेही चालतात.

आमच्याकडे ईशापूरच्या कारखान्यातलं ९ मिमी १ए असायचं, म्हणजे मुळातलं १९३५ चं ब्राउनिंग हाय-पॉवर. एकदा एका तुकडीची अकरा पिस्तुलं माझ्या टेबलावर आली. तक्रार होती, 'पुंगळ्या फार लांब उडतात, कधी अडकतात.' सगळ्यांच्या रिकॉइल स्प्रिंगा मी नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या. अकराच्या अकरा आखूड झालेल्या, दोन तर जवळजवळ बोटभर. एकही कधी बदलली नव्हती. स्प्रिंग दमली की स्लाइड पूर्ण जोराने मागे आदळते आणि तो मार सांगाडा खातो. एका पिस्तुलाच्या सांगाड्यावर केसासारखी रेघ दिसली, ते कायमचं बाद केलं. माझ्या हातून बाद झालेल्या हत्यारांत त्याचं वाईट मला अजून वाटतं, कारण काही रुपयांची स्प्रिंग वेळेवर बदलली असती तर ते आजही कुठल्यातरी कोतात असतं.

तर कोणतं जास्त टिकतं? सैन्याच्या पिस्तुलांत मला निवडायला सांगितलं तर ग्लॉक. पण तुमच्या नातीला त्याचा उपयोग नाही. ९ मिमी आपल्याकडे नागरिकांना निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे, आणि तिची स्पर्धा .२२ ची आहे. शिवाय .२२ मध्ये कुलूप-बिलूप काही नसतं. बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या पोलादी ठोकळ्याचं) वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावर सगळं चालतं. गोळी मऊ शिशाची, दाब कमी, त्यामुळे नळी लवकर जात नाही. माझ्या पाहण्यात लाखाच्या वर चाललेल्या नळ्यांच्याही दहाच्या दहा गोळ्या लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळातच बसायच्या. म्हणजे शेजारी म्हणतात तशी मॅचची पिस्तुलं नाजूक नसतात. त्यांच्याकडून मागणी फार मोठी असते.

त्या इटालियन पिस्तुलाकडे बघताना नळीच्या चकाकीवर जाऊ नका. बोल्ट मागे ओढून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर टॉर्च मारा. फायरिंग पिनचा खड्डा पडलेला दिसला तर कुणीतरी रिकाम्या चेंबरवर भरपूर ट्रिगर ओढलाय, आणि त्या खड्ड्याशी काडतूस बसताना-निघताना अडतं. मॅगझिनचे ओठ दोन्ही बाजूंनी सारखे वळलेले आहेत का बघा. सराव सुरू असताना पडलेली मॅगझिनं हाच .२२ मधला सर्वांत मोठा त्रास. ट्रिगरचं वजन तपासा. ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उचलायचं; नियमाने १,००० ग्रॅम ट्रिगर न सुटता उचललं पाहिजे. एकदा नाही, दहा वेळा उचलून बघा. कधी उचलतं कधी नाही असं झालं तर आतलं सीअर (ट्रिगर ओढेपर्यंत हॅमर अडवून धरणारा तुकडा) झिजलंय, आणि त्याची कसर नातीला स्पर्धेच्या तपासणीच्या टेबलावर भोगावी लागेल. बोल्टचा मार झेलणारा मागचा रबरी बफर असेल तर तो काढून दाखवा म्हणावं. कडक झालेला, तडकलेला असला तर 'फारसं चाललेलं नाही' हे वाक्य विसरून जा.

आणि मालकाला हे विचाराच : एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, रिकॉइल स्प्रिंग, बफर, दोन मॅगझिनं, यांतलं काय तुमच्याकडे सुटं आहे? परदेशी पिस्तुलाचा भाग मागवायला आठवडे जातात, कधी महिने. राज्य स्पर्धा त्यासाठी थांबत नाही. हे सुटे भाग सोबत मिळत असतील, तर मी ते सहा वर्षांचं पिस्तूल नव्यापेक्षा आधी घेईन. मिळत नसतील तर नवं घ्या, आणि पहिल्याच दिवशी हे भागही मागवा.

पुण्याच्या पावसाळ्याचं वेगळं सांगतो. फोमच्या पेटीत पिस्तूल बंद करून ठेवणं हा ते गंजवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. फोम ओल धरून बसतो. सरावाहून आल्यावर पेटी उघडी, पिस्तूल कोरड्या चिंधीने पुसलेलं, त्यावर तेलाचा नुसता हात. तेल ओतायचं नाही; .२२ च्या मेणात आणि काजळीत ते मिसळलं की चिखल होतो, आणि फायरिंग पिनच्या भोकात तो चिखल गेला की राउंड फुसका निघतो. नळी मागून साफ होत असेल तर मागूनच करा. पुढून सळई घासली तर तोंडाची कड जाते.

नातीला एक वही करायला सांगा : तारीख, राउंड, अडथळा, बदललेला भाग. आणि पिस्तूल दाखवायला रेंजवर माझ्याकडे आणणार असाल, तर शेवटच्या सरावातल्या चाळीस-पन्नास रिकाम्या पुंगळ्या पिशवीत घालून आणा. काठावरचा पिनेचा ठसा उथळ आहे का खोल, बूड फुगलंय का, एक्स्ट्रॅक्टरने ओरखडा कुठे काढलाय, एवढं दिसलं की पिस्तूल मी नंतर उघडेन.

प्रश्न : वडिलांचं .३२ आमच्याकडे आहे, लायसन्स माझ्या नावावर. मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते, हे खरं का? पिस्तूल त्यांच्याच चामडी होल्स्टरमध्ये, काडतुसं चामडी पट्ट्यात आहेत.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : चांगली स्प्रिंग दाबून ठेवल्याने सहसा मरत नाही, वारंवार दाबून-सोडून दमते. पण घरात भरलेलं मॅगझिन ठेवूच नये, त्याचं कारण घरातली माणसं आहेत, स्प्रिंग नव्हे. खरी काळजी चामड्याची करा. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि क्षार पितळ खातात. पट्ट्यातल्या काडतुसांवर हिरवट थर आला असेल. पिस्तूल आजच होल्स्टरमधून काढा, पकडीच्या फळ्या सोडवून त्यांच्याखाली बघा, गंज तिथूनच सुरू होतो. हिरवी पडलेली काडतुसं पुसून वापरू नका आणि फेकूही नका. त्यांचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून ती परवानाधारक विक्रेत्याकडे नेऊन, नोंद करूनच जमा करा.