डबा उघडला की घड्याळ सुरू

मागच्या वेळी टेनिसच्या रॅकेटच्या तारांवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं मात्र बॉलबद्दलची निघाली. मला त्याचा आनंद झाला. पंधरा-वीस हजारांची रॅकेट घेणारे लोक बॉलच्या बाबतीत ‘जो मिळेल तो’ म्हणून मोकळे होतात, आणि मग कोपर दुखतं, रॅली (सलग टोलवाटोलवी) होत नाही, चौघांत कुरबुर होते. खेळाची मजा निम्मी तरी बॉलवर असते. सारखे वाटलेले प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

ताई, आम्ही चौघं पन्नाशीच्या पुढचे, रोज सकाळी सिमेंटच्या कोर्टवर तासभर डबल्स खेळतो. बॉल आळीपाळीनं आणतो. एक जण महागातला डबा आणतो, दुसरा स्वस्तातला, आणि दर आठवड्याला वाद होतो. एकदाच सांगा, कोणता घ्यावा? (पलासिया, इंदूर)

कंपनीचं नाव नंतर बघू. आधी बॉलच्या आत काय आहे ते बघा. कोर्टवर खेळायचा नेहमीचा बॉल म्हणजे रबराचा पोकळ गोळा. त्याच्या आत बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट दाब भरलेला असतो. रबरातून ती हवा हळूहळू झिरपत राहते. ती झिरपू नये म्हणून डब्यातही तेवढाच दाब ठेवतात. झाकण ओढताना ‘फुस्स’ होतं ते त्यामुळेच. त्या आवाजाबरोबर बॉलचं घड्याळ सुरू होतं. तुम्ही खेळा नाहीतर बॅगेत ठेवा, हवा जायची ती जातेच. म्हणून ‘रविवारी उघडलेला डबा पुढच्या रविवारी नवाच असेल’ हा हिशेब चुकतो.

डब्यावर ‘आयटीएफ अप्रूव्हड’ असेल तर त्याला अर्थ आहे. आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, त्याच्या नियमानुसार नेहमीच्या बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असावं लागतं आणि २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो. पण ही नव्या बॉलची परीक्षा आहे. तो तुमच्याकडे आठवडाभर टिकेल अशी हमी तो शिक्का देत नाही.

सिमेंटवर खेळता, तेव्हा डब्यावर ‘एक्स्ट्रा ड्यूटी’ लिहिलेलंच घ्या. बॉलवरचं पिवळं कापड, म्हणजे फेल्ट, लोकर आणि नायलॉन मिळून बनतं. एक्स्ट्रा ड्यूटीत ते जाड असतं, खरखरीत सिमेंटवर लवकर झिजत नाही. ‘प्रॅक्टिस’ किंवा ‘ट्रेनर’ लिहिलेला स्वस्तातला डबा कोचिंगच्या टोपलीसाठी ठीक, रोजच्या मॅचसाठी नको.

आता पैशांचं. डब्याची किंमत बघू नका, एका सकाळची बघा. समजा एक डबा साडेचारशेचा आहे आणि सहा सकाळी नीट चालला, तर एका सकाळचे पंचाहत्तर झाले, माणशी एकोणीस रुपयेसुद्धा नाहीत. तीनशेचा डबा तीनच सकाळीत बसला तर सकाळचे शंभर. स्वस्तातला डबा आणणाऱ्या तुमच्या मित्राला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. रागवू नका, त्याला खरंच वाटत असतं की तो ग्रुपचे पैसे वाचवतो आहे.

आणि माझ्या मताची गरजच नाही, तुम्ही स्वतः ठरवू शकता. दोन कंपन्यांचे दोन डबे एकाच सकाळी उघडा. एका कंपनीच्या बॉलवर मार्करनं ठिपका करा. एक सेट याचा, एक सेट त्याचा, असं चार दिवस खेळा. पाचव्या दिवशी दोन्हींतला एकेक बॉल दोन हातांत घ्या, खांद्याइतक्या उंचीवर धरा आणि एकदम सोडा. ताज्या डब्यातला बॉल सोडलेल्या उंचीच्या निम्म्याहून थोडा वर येतो. निम्म्यापर्यंतही आला नाही तो गेला. मग अंगठा आणि तर्जनीनं दाबा, मेलेला बॉल चटकन आत जातो. शेवटी लव बघा, एका बाजूचं कापड गुळगुळीत झालं असेल तर बॉल हवेत वाकडा जाणारच. माझ्या विद्यार्थ्यांबरोबर मी हे दरवर्षी करते. आमच्याकडे डनलॉपचा ऑस्ट्रेलियन ओपन आणि विल्सनचा यूएस ओपन हे दोन पुढे राहिले आहेत, हेडचा चॅम्पियनशिप किमतीच्या मानानं चांगला ठरला. पण तुमचं कोर्ट आमच्यापेक्षा खरखरीत असेल, तर निकाल बदलेल.

विकत घेताना एक गोष्ट कराच. प्लॅस्टिकचा डबा दोन्ही बाजूंनी दाबून बघा. तो दगडासारखा घट्ट लागला पाहिजे. वर्षानुवर्षं दुकानात पडलेल्या डब्यातूनही दाब जातो. मी एकदा सवलत आहे म्हणून एका दुकानातून सहा डबे घेतले, त्यांतल्या दोनांचा फुस्स आवाजच आला नाही. आतले बॉल दिसायला कोरे करकरीत, टप्पा मात्र शिळ्या भाकरीसारखा. दुकानदारानं परत घेतले नाहीत. तेव्हापासून दाबल्याशिवाय मी डबा घेत नाही.

राजवाड्याकडच्या दुकानात टेनिस बॉल मागितला तर पिशवीतून सुटा काढून दिला, ‘हेवी आहे, चांगला’ म्हणाला. कोर्टवर चालेल का?

नाही चालणार. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली या क्रिकेटपटूंच्या गावात टेनिस बॉल म्हटलं की समोरच्याला क्रिकेटच आठवतं, त्यात दुकानदाराची चूक नाही. हा बॉल बॅटचा मार सोसायला बनवलेला असतो. ‘लाइट’ आणि ‘हेवी’ असे दोन प्रकार मिळतात, आणि हेवी आपल्या कोर्टच्या बॉलपेक्षा बराच जड असतो. त्यानं सर्व्हिस मारलीत तर धक्का थेट मनगटात आणि कोपरात जातो. शिवाय टप्पा वेगळा, त्यामुळे हाताला सवयही चुकीची लागते. ओळखायचं सोपं आहे, मॅचचा बॉल सीलबंद डब्यात येतो. सुटा, पुठ्ठ्याच्या खोक्यातला किंवा पॉलिथिनमधला असेल तर परत द्या आणि ‘लॉन टेनिसचा डबा’ असं म्हणून मागा.

आमच्याकडे मातीचं कोर्ट आहे. नवा बॉल दोन सेटमध्ये लाल आणि जड होतो.

तुम्ही बहुधा एक्स्ट्रा ड्यूटी वापरता आहात. त्याची लव फुलते आणि माती धरून ठेवते. पाणी मारलेल्या कोर्टवर तर जास्तच. ‘रेग्युलर ड्यूटी’ किंवा ‘क्ले’ लिहिलेला डबा घ्या. त्याचं कापड पातळ आणि घट्ट बसलेलं असतं, माती कमी चिकटते. इंदूरच्या दुकानांत तो सहज दिसत नाही, मागवून घ्यावा लागतो. तोच बॉल सिमेंटवर मात्र नेऊ नका, तासाभरात टक्कल पडेल.

माझा नातू सात वर्षांचा. आजोबांचे जुने पिवळे बॉल घेऊन खेळतो. बॉल त्याच्या डोक्यावरून जातो आणि तो रडकुंडीला येतो. त्याला टेनिस जमणार नाही का? (एक आजी, विजयनगर)

काकू, त्याला जमेल. जमत नाहीये ते बॉलमुळे. पिवळा बॉल मोठ्यांच्या कंबरेला येतो तो सात वर्षांच्या पोराच्या खांद्याच्या वर जातो. तिथून मारायचा तर रॅकेट उलटीपालटी धरावी लागते, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांची ही वाकडी पकड सरळ करण्यात माझे महिने गेले आहेत, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

मुलांसाठी तीन पायऱ्यांचे बॉल असतात. लाल बॉल सगळ्यांत हळू, मोठा आणि हलका, पिवळ्यापेक्षा साधारण ७५ टक्के संथ. तो ११-१२ मीटर लांबीच्या छोट्या कोर्टसाठी. नारिंगी बॉल ५० टक्के संथ, १८ मीटरच्या कोर्टसाठी. हिरव्या ठिपक्याचा बॉल २५ टक्के संथ, आणि तो पूर्ण कोर्टवर, म्हणजे २३.७७ मीटरवर खेळतात. साधारणपणे आठ वर्षांपर्यंत लाल, आठ ते दहा नारिंगी, मग हिरवा. हे माझं मत नाही, २०१२ पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा बॉल वापरायचाच नाही, असा महासंघाचा नियम आहे.

नातवासाठी तीन लाल बॉल आणा. मैदान लागत नाही, गच्चीवर दोन खुर्च्यांना ओढणी बांधली की जाळी झाली. घरात काचा असतील तर लाल फोमचा घ्या. पहिल्या दिवशी त्याला मोजायला लावा, तुम्ही दोघं मिळून बॉल किती वेळा जाळीपलीकडे घालता. सहा झाले की तो सात मागेल. आणि त्याच्या शेजारचा सहावीतला मुलगा ‘हे बेबी बॉल आहेत’ म्हणाला, तर त्याला सांगा की जगभरातली मुलं आज याच बॉलवर शिकतात.

हे लिहिताना पहिल्या पत्रातले चौघं पुन्हा आठवले. गुडघा किंवा खांदा कुरकुरत असेल तर हिरव्या ठिपक्याचा बॉल मोठ्यांनीही वापरावा. पोहोचायला अर्ध्या पावलाचा वेळ जास्त मिळतो आणि रॅली लांबते. आमच्या सकाळच्या ग्रुपमधले एक सत्तरीचे काका महिनाभर नाही म्हणत होते. आता डबा तेच आणतात.

मी एकटाच भिंतीवर आणि बॉल फेकणाऱ्या मशीनवर सराव करतो. प्रेशरलेस बॉल कायम टिकतो म्हणे. मॅचलाही तोच वापरू का? थोडं कोपरही दुखतं.

प्रेशरलेस बॉलच्या आत जादा दाबाची हवा नसते, उसळी जाड रबरामुळे येते. म्हणून डबा उघडल्यावर तो बसत नाही. उलट कापड झिजत गेलं की हलका होऊन जरा जास्तच उसळतो. मशीनसाठी, भिंतीसाठी, पन्नास बॉलची टोपली घेऊन सर्व्हिस मारायला तो उत्तम. पण रॅकेटवर तो कडक लागतो. मॅचच्या बॉलचा ‘पॉक’ असा भरीव आवाज असतो, याचा लाकडावर मारल्यासारखा.

कोपर दुखतंय तोवर तो बाजूला ठेवा. मेलेले बॉलही वापरू नका, बॉल जात नाही म्हणून माणूस नकळत जास्त जोर लावतो आणि दुखणं वाढवतो. ताजा दाबाचा बॉल, तारा थोड्या सैल, आणि भिंतीवर एका वेळी पंधरा मिनिटं, त्यापुढे नाही. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळ्यात बॉल कुठे ठेवावेत? फ्रीजमध्ये? आणि पावसात भिजले तर? शिवाय इंदूर पठारावर आहे, तर डोंगराळ भागासाठीचे बॉल घ्यावेत का?

शेवटचं आधी. ‘हाय अल्टिट्यूड’ बॉल समुद्रसपाटीपासून १,२१९ मीटरच्या वर खेळणाऱ्यांसाठी आहेत. आपलं इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. नेहमीचाच बॉल घ्या. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला आपल्याकडे बॉल किंचित लांब जातो असं वाटेल, तेवढंच.

फ्रीज नको. घरातली सावलीतली कपाटाची जागा बरी. मे महिन्यात गाडीच्या डिकीत मात्र डबे मुळीच ठेवू नका. उष्णतेनं आतला दाब वाढतो आणि रबरातून हवा जास्त वेगानं निघून जाते. थंडीत उलटं होतं. जानेवारीच्या सकाळी दहा अंशांत चांगला बॉलही मेल्यासारखा वाटतो, कारण आतली हवा आकसते आणि रबर कडक होतं. रात्रभर गाडीत राहिलेल्या बॉलवरून तो बाद ठरवू नका, पंधरा मिनिटं खेळून मग ठरवा.

भिजलेल्या बॉलचं कापड पाणी पिऊन जड होतं. त्यानं खेळू नका. टॉवेलनं टिपून पंख्याखाली वाळवा, कडक उन्हात नाही. वाळला तरी लव फुगलेली राहते, तो सरावाच्या टोपलीत टाका. दाब टिकवणारे स्क्रूच्या झाकणाचे डबे मिळतात. आठवड्यातून दोनदाच खेळणाऱ्याला ते परवडतात. रोज खेळणाऱ्याचं कापड हवेच्या आधी जातं, त्याला उपयोग नाही.

आमच्या काळी पांढरा बॉल असे. पिवळा कधी आला? संध्याकाळी दिव्यात मला तो नीट दिसत नाही. (वय ७८)

आजोबा, रंगीत टीव्हीवर पांढरा बॉल नीट दिसेना म्हणून महासंघानं १९७२ मध्ये पिवळ्याला परवानगी दिली. विंबल्डननं पांढरा १९८६ पर्यंत सोडला नव्हता. नियमात पांढरा आजही बसतो, पण बाजारात शोधून सापडणार नाही. दिव्यात दिसत नाही तेव्हा बहुतेक वेळा बॉल जुना आणि काळवंडलेला असतो. संध्याकाळसाठी ताजा डबा राखून ठेवा, जुने सकाळी वापरा. तरीही अंधुक वाटलं तर डोळे तपासून घ्या, मोतीबिंदूची सुरुवात अशीही कळू शकते.

मेलेल्या बॉलचं काय करायचं? घरात दोन बादल्या भरल्या आहेत. कुत्र्याला देऊ का?

फेकलेला बॉल कुत्र्यानं परत आणण्यापुरता चालेल, चघळायला नको. ते कापड खरखरीत असतं, त्यात माती अडकलेली असते, रोज चघळलं की दात घासले जातात. गल्लीतल्या पोरांना क्रिकेटसाठी द्या, मेलेला बॉल खिडक्यांना सोसवतो. अगदी फाटलेले असतील तर कचऱ्याच्या गाडीत सुक्यात टाका, ओल्यात नाही.

दोन मात्र घरी ठेवा. आजी-आजोबांच्या वॉकरच्या मागच्या दोन पायांना ते घालता येतात, फरशीवर खरखर होत नाही. आधी दाभणानं भोक पाडून उरलेली हवा जाऊ द्या. मग बॉल फडक्यात घट्ट धरून, कटरनं अंगठ्याच्या पेराएवढी फुली कापा, त्याहून मोठी नको, नाहीतर पाय निसटतो. कापड झिजून रबर दिसायला लागलं की लगेच बदला, उघडं रबर फरशीला धरतं आणि वॉकर अडकतो.