कॅबिनेटमधल्या एलईडी पट्टीला वेगळा स्विच कसा जोडावा?

प्रश्न: गणपतीच्या मखरातली एलईडी पट्टी उरली आहे, ती कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये लावायची आहे. कॉम्प्युटर रात्रभर चालू असतो, तेव्हा उजेड नको. म्हणून फक्त पट्टीसाठी स्विच हवा. वायरिंग कसं करू? इंदूरमध्ये सामान कुठे मिळेल?

उत्तर:

स्विच जोडणं सोपं आहे, पण पट्टी मखरातली आहे म्हणता, तर आधी ती कुठल्या जातीची आहे ते बघा. गणपतीत दोन्ही प्रकारच्या पट्ट्या सर्रास विकल्या जातात. एक थेट २३० व्होल्टवर चालते. ती जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये असते आणि तिची पिन सरळ घरच्या सॉकेटमध्ये जाते. ती कॅबिनेटमध्ये अजिबात नको, स्विच लावूनही नको. दुसरी १२ व्होल्टची. ती पातळ असते, मागे चिकटपट्टी, दर तीन दिव्यांनंतर कापायची खूण आणि खुणेपाशी बारीक अक्षरात १२ व्होल्ट छापलेलं. तुमची अशी असेल तर पुढे वाचा. पट्टीला तीन किंवा चार तारा असतील, म्हणजे रंग बदलणारी असेल, तर ही पद्धत तिच्यासाठी नाही. तीन तारांची पट्टी बहुधा ५ व्होल्टची असते आणि १२ व्होल्ट दिले की जळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एसएमपीएसची, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची, स्वतःची वायर कापू नका. मोलेक्स म्हणजे एसएमपीएसच्या तारांच्या टोकाचा चार पिनांचा कनेक्टर. बाजारात त्याची एक्स्टेन्शन केबल मिळते. जे काही कापायचं ते तिच्यात कापा. उद्या पट्टी नको झाली तर केबल उपसून काढली की कॉम्प्युटर जसाच्या तसा. वॉरंटीचा प्रश्नही येत नाही.

मोलेक्समध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या निगेटिव्ह. आपल्याला पिवळी आणि तिच्या शेजारची काळी एवढ्याच हव्यात. लाल आणि उरलेल्या काळीचं टोक कापून प्रत्येकावर वेगळी हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा, उघडं सोडू नका. नव्या एसएमपीएसच्या तारा बऱ्याचदा सगळ्याच काळ्या असतात. मग रंगावर न जाता मल्टीमीटर लावा: काळा प्रोब मधल्या पिनेत, लाल कडेच्या पिनेत. एका कडेला १२ च्या आसपास दिसेल, दुसऱ्या कडेला ५. ११.४ ते १२.६ मधला कुठलाही आकडा ठीक आहे.

स्विच पिवळ्या तारेतच घाला. काळ्या तारेत घातला तरी दिवे विझतात, म्हणून बरेच जण हाताला येईल ती तार कापतात. पण कॅबिनेटचा पत्रा आतून एसएमपीएसच्या निगेटिव्हलाच जोडलेला असतो. स्विच काळीत असेल तर बंद केल्यावरही पट्टीवर १२ व्होल्ट उभेच राहतात आणि पट्टीचं निगेटिव्ह टोक पत्र्याला टेकलं की दिवे स्विचला न जुमानता लागतात. पिवळी तोडली की पट्टी खरोखर मेली.

पिवळ्या तारेत स्विचच्याही आधी, मोलेक्सच्या जवळ, १ अँपियरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट टाका. हा खर्च वाचवू नका, असं मी कळकळीने सांगतो. अर्धा मीटर पट्टी, मीटरला ६० मोठे दिवे असलेली, साधारण ०.६ अँपियर घेते. पण त्याच तारेच्या मागे बसलेला एसएमपीएस १२ व्होल्टवर वीस-तीस अँपियर सहज देतो. शॉर्ट झाला तर चांगला एसएमपीएस स्वतःला बंद करतो. मात्र अर्धवट टेकलेल्या तारेत तो बंद होण्याइतका करंट वाहतच नाही. तार तापत राहते, तिचं प्लास्टिक वितळतं. फ्यूज तिथे कामाला येतो.

असा एक कॉम्प्युटर शेजारच्या मुलाने माझ्याकडे आणला होता. बटण दाबलं की पंखा जेमतेम हलायचा आणि सगळं बंद. मदरबोर्ड गेला असंच घरच्यांनी धरलं होतं. बघितलं तर पट्टीचं कापलेलं टोक उष्णतेने सुटून खाली लोंबत होतं आणि तांब्याचा इवलासा ठिपका पत्र्याला टेकलेला होता. टोक उचललं, कॉम्प्युटर सुरू. म्हणून कापलेल्या टोकावरही ट्यूब चढवा, आणि नुसत्या चिकटपट्टीवर भिस्त न ठेवता दोन-तीन ठिकाणी झिप टायने बांधा.

स्विच म्हणून छोटा टॉगल, म्हणजे दांडीचा स्विच घ्या, त्याला ६ मिमीचं गोल भोक पुरतं. रॉकरला, म्हणजे सपाट दाबायच्या स्विचला, चौकोनी खाच कापावी लागते आणि ती घरी नीट जमत नाही. भोक पाडायला मागच्या बाजूची रिकामी स्लॉटची पट्टी स्क्रू काढून बाहेर घ्या, बाहेरच ड्रिल करा, कड कानशीने घासा आणि पुसून परत बसवा. कॅबिनेटमध्येच ड्रिल चालवलंत तर लोखंडाचा चुरा मदरबोर्डवर पडतो. टॉगलला तीन पिना असतील तर मधली आणि कडेची एक वापरा. दांडी ज्या बाजूला झुकते, त्याच्या विरुद्ध बाजूची पिन जोडली जाते. "वर म्हणजे चालू" हवं असेल तर खालची पिन घ्या. दिवा असलेला रॉकर दुकानदार देऊ करेल, पण त्यातला दिवा बहुतेक वेळा २३० व्होल्टचा असतो, १२ वर लागत नाही.

कॅबिनेटवरचं रिसेटचं बटण वापरता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. ते दाबलं तेवढाच वेळ जोडलेलं राहतं, त्यामुळे सरळ उपयोग नाही.

काम सुरू करताना मेन प्लग काढा आणि कॉम्प्युटरचं बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. ट्यूब आधी तारेत सरकवा, मग सोल्डर करा. एसएमपीएसचा डबा कोणत्याही कारणाने उघडू नका, त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो.

सामान: टॉगल, फ्यूज होल्डर, ट्यूब, तार हे महाराणी रोडला एका चकरेत होईल. मोलेक्सची केबल तिथे नाही मिळाली तर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये विचारा. केबल घेताना आतल्या पिना हलवून बघा. ढिल्या पिनेची केबल परत करा.

शेवटी, मोलेक्स जोडण्याआधी फ्यूज बसवा, टॉगल चालू करा, मल्टीमीटर बीपवर ठेवा आणि तुमच्या केबलच्या पिवळ्या व काळ्या पिनेला प्रोब लावा. बीप आली तर जोडू नका, शॉर्ट शोधा.