जुन्या लष्करी रायफलीवरचे शिक्के कसे वाचायचे आणि तिची निगा कशी राखायची?

तुम्ही लिहिलंय की रायफलीवर वर मुकुट, खाली 'जी.आर.', मग 'बी.एस.ए. कं.', १९१७ आणि शेवटी 'एसएचटी. एल.ई.' व रोमन तीनपुढे चांदणी आहे. हे काय आहे, आणि पॉलिशपेपर मारून दस्ता उजळवू का, असे तुमचे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नका मारू. पॉलिशपेपर हातात असेल तर खाली ठेवा.

माझ्या पहिल्या रायफलीच्या दस्त्यावर उजवीकडे एक गोल, अर्धवट झिजलेला ठसा होता. मला तो डाग वाटला. दोन तास घासून लाकूड लोण्यासारखं केलं आणि कौतुकाने एका जुन्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवायला नेलं. त्याने दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "इथला शिक्का कुठे गेला?" त्या ठशात कारखाना आणि सगळी माहिती होती. ती मी भुशाबरोबर झाडून टाकली होती.

आता तुमची रायफल. हात लावण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढा आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघून शिवाय बोट घालून रिकामं आहे याची खात्री करा. आपल्याला माहीत आहे रिकामी आहे, असं म्हणणाऱ्यांनीच अपघात केलेत.

तुमच्याकडे आहे ती ली-एनफिल्ड, म्हणजे थ्री नॉट थ्री. एसएचटी. एल.ई. म्हणजे 'शॉर्ट ली-एनफिल्ड'. मुकुटाखालचा जी.आर. हा राजा जॉर्जचा. १९१० च्या आधीच्या रायफलींवर एडवर्डचा ई.आर. दिसतो. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. याच जागी कुठे एनफिल्ड, कुठे एल.एस.ए. (लंडन स्मॉल आर्म्स), कुठे ऑस्ट्रेलियातलं लिथगो, तर कुठे आपलं बंगालमधलं इशापूर असतं. इशापूरच्या रायफलीवर जी.आर.ला आणखी एक 'आय' चिकटलेला सापडतो, म्हणजे इंपरेटर, सम्राट. बादशाही फक्त आपल्यावरच होती ना!

रोमन तीन म्हणजे तिसरा मार्क, तिसरी आवृत्ती, १९०७ ची. त्यापुढची चांदणी पहिल्या महायुद्धात आली. कारखान्यांना वेगाने माल काढायचा होता, म्हणून अंगावरचे दागिने उतरवले: लांब पल्ल्यावर सांघिक गोळीबार करायची बाजूची नेम धरायची साइट गेली, मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी गेली. चांदणी म्हणजे थोडक्यात 'काटकसर'.

पुसट अक्षरं वाचायला मी रायफल आडवी ठेवतो, खोलीत अंधार करतो आणि टॉर्च जवळजवळ धातूला टेकवून तिरका धरतो. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. तिरका टाकला की सावली पडते आणि अक्षर उठतं. तरीही नाही जमलं तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासा. एक छोटा बाण जागोजागी सापडेल, तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर माल सरकारी खात्यातून विकून बाहेर पडला. नळीवर '२.२२२' आणि '१८.५ टन' असं काही दिसलं तर तो अनुक्रमांक समजू नका. इंचातली काडतुसाच्या पितळी नळकांड्याची लांबी आणि काडतुसाचा दाब आहे तो, नागरी विक्रीसाठी तपासल्याची खूण.

अनुक्रमांक मात्र जुळवून बघाच: चेंबरच्या कड्यावर, बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी, नळीवर, नळीच्या तोंडाशी असलेल्या पुढच्या धातूच्या टोपीवर, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीखाली. टोपी वेगळी निघाली तर फक्त किंमत उतरते. बोल्ट वेगळा निघाला तर प्रश्न गंभीर आहे, कारण बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवलेला असायचा. मग हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, गेजने तपासून घ्या, ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०७४ वर होता कामा नये. आणि 'डी.पी.' असा शिक्का कुठेही असेल तर ती कवायतीची रायफल आहे, ती उडवायची नाही. गेज वगैरेच्या भानगडीतही पडू नका.

निगा म्हणाल तर साठवणुकीचं घट्ट ग्रीस रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने निघतं. गंजाला तेल लावून सर्वांत बारीक स्टील वूल हलक्या हाताने. पिवळसर-तपकिरी झाक राहिली तर राहू द्या. लाकडाला कच्चं जवसाचं तेल, तळहाताने, चार थेंब पुरतात. वार्निश नको.

नळीचं जरा वेगळं आहे. जुन्या काडतुसांच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की त्याचं क्षार नळीत उरतं, अगदी मिठासारखं, आणि हवेतला ओलावा ओढून रात्रीत नळी खातं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून ब्रिटिश शिपाई नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत. मग वाळवून तेल. त्यांचा सगळा सरंजाम दस्त्यातच असायचा: मागच्या पितळी पत्र्यातलं झाकण उघडा, आत तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी, म्हणजे पुलथ्रू, ठेवायची जागा आहे. त्यात चार बाय दोन इंचांची फलालीनची चिंधी लावून चेंबरच्या बाजूने ओढत.

दस्ता काढायचा मोह झाला तर थांबा. त्या झाकणातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून दस्ता धरून ठेवणारा स्क्रू-बोल्ट फिरवता येतो, पण तुमच्या मॉडेलमध्ये त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता फिरवलंत की ते उभं चिरतं. सध्या काढूच नका, फारसं कारणही नाही.

कागदपत्रं आणि परवाना आहे ना, हे बघा. मग बोल्ट आणि कड्यावरचे नंबर, शिवाय दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या कॉलरच्या डाव्या बाजूचं काही कोरलेलं असेल तर तेही कळवा. दुरुस्तीचे शिक्के तिथे असण्याचा संभव आहे.