जंगल तोडून फळबाग लावली, तर मातीतला सेंद्रिय कर्ब टिकतो का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: उष्ण प्रदेशात जंगल काढून शेती केली की मातीतला सेंद्रिय कर्ब (म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून आलेला कार्बन) किती घटतो, आणि हंगामी पिकांऐवजी फळबाग लावली तर तो वाचतो का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नुसती झाडं उभी आहेत म्हणून कर्ब वाचत नाही.

उष्णकटिबंधातल्या ३८५ अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेलं एक विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झालं. मूळ जंगल जाऊन हंगामी पिकं आली तिथे कर्बाचा साठा सरासरी २५ टक्के घटला होता. कुरण झालं तिथे १२ टक्के. आणि बारमाही पिकांच्या बागा-मळ्यांत तब्बल ३० टक्के! आकडा वाचून छपाईची चूक वाटते, पण ती नाही. माझ्या मते कारण झाडांखालच्या उघड्या जमिनीत आहे. बाग लावताना जमीन पूर्ण मोकळी केली जाते, रोपं लहान असेपर्यंत पाऊस थेट मातीवर आपटतो, तण सतत काढलं जातं, छाटणीच्या फांद्या बाहेर जातात. कुरणात मात्र गवताची मुळं वर्षभर मातीतच वाढतात आणि मातीतच मरतात. मातीत कर्ब टिकवण्यात मुळांचा वाटा वरच्या पाल्यापेक्षा मोठा असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आता उष्णतेचा भाग. उष्ण प्रदेशातली माती मुळातच सेंद्रिय पदार्थाला गरीब असते, हा समज मला पटत नाही. किरणोत्सारी कर्बाची खूण केलेलं राय गवत इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आणि नायजेरियात इबादानला मातीत मिसळून पाहिलं होतं. कुजण्याची रीत दोन्हीकडे एकच निघाली, फक्त इबादानला वेग साधारण चौपट. जंगलात हा वेग चालून जातो, कारण वरून पाला आणि खालून मुळं तेवढ्याच वेगाने भर घालत असतात. जंगल गेलं की भर आटते, कुजणं मात्र थांबत नाही. वर नांगरटीने मातीचे कणसमूह फुटतात आणि त्यांच्या आत दडलेला पदार्थही जिवाणूंच्या हाती लागतो. म्हणून पहिल्या काही वर्षांतली घट सर्वांत तीव्र असते. नंतर उरतो तो चिकणमातीच्या कणांना आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटलेला जुना कर्ब, आणि तो सावकाश जातो. वाळूमिश्रित जमिनीत असा आधार कमी, म्हणून ती लवकर रिकामी होते. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली माती बरीच तग धरते.

गंमत म्हणजे कोणता कर्ब जंगलाचा आणि कोणता पिकाचा, हे ओळखता येतं. ऊस, मका आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं यांच्यात कार्बन-१३ चं (कर्बाच्या किंचित जड प्रकाराचं) प्रमाण जंगलातल्या झाडांपेक्षा थोडं जास्त असतं. ब्राझीलमध्ये जंगल तोडून ऊस लावलेल्या जमिनींत याच फरकावरून जुन्या-नव्या कर्बाचा हिशेब लावला गेला. त्यामुळे एकूण आकडा तोच दिसला, तरी आतला जंगलाचा कर्ब जाऊन त्या जागी गवताचा आलेला असू शकतो.

दलदलीची पीट माती हे प्रकरणच वेगळं. तिथे माती म्हणजेच जवळजवळ सगळा सेंद्रिय पदार्थ. इंडोनेशियात लागवडीसाठी अशा जमिनींतलं पाणी काढल्यावर पहिल्या पाच वर्षांत जमीन मीटरभराहून जास्त खचलेली मोजली आहे, आणि पुढेही ती दरवर्षी काही सेंटिमीटर खचत राहते. तिथे बाग करूच नये, एवढंच मी म्हणेन.

गेलेला कर्ब परत येतो का? अंशतः येतो. त्याच विश्लेषणात शेतजमिनीवर पुन्हा झाडं लावल्यावर साठा २९ टक्क्यांनी वाढलेला आढळला. पण "एका वर्षात कर्ब दुप्पट" असं कोणी सांगितलं तर हा हिशेब करा: एका हेक्टरवरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण २० लाख किलो माती असते. त्यात कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा, तर २,००० किलो निव्वळ कर्ब मातीत टिकला पाहिजे. घातलेल्या खतातला बहुतेक कर्ब उष्ण हवेत काही वर्षांत हवेत परत जातो. मग खत किती लागेल ते बघा.

माझं काम मातीचे नमुने तपासण्याचं आहे, म्हणून मोजणीबद्दल दोन गोष्टी. शेतात माती दाबली गेलेली असते, त्यामुळे तेवढ्याच खोलीच्या नमुन्यात जंगलापेक्षा जास्त माती येते आणि साठ्याची घट झाकली जाते; टक्केवारीबरोबर मातीची घनताही मोजून घ्या. आणि अहवालात "सेंद्रिय कर्ब" लिहिलंय की "सेंद्रिय पदार्थ", ते पाहा. दुसरा आकडा बहुधा पहिल्याला १.७२ ने गुणून काढलेला असतो. बाग लावलीतच, तर बुंध्याजवळचा आणि दोन ओळींमधला नमुना वेगळा ठेवा आणि ओळींमधलं गवत उपटण्याऐवजी कापून तिथेच पडू द्या.